सात, सात, नऊ

माझा मामा दात करतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत बसतात, लोकांना आ करायला लावतात, साचा घेतात आणि मागे पाठवतात. मागच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, एक छोटा बर्नर आणि मामा. त्या साच्यावरून तो मेणात एकेक दात रोवत जातो, रंग जुळवतो, हिरड्यांना गुलाबी छटा देतो, आणि आठवड्याभरात कोणाची तरी कवळी तयार होते. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं मामाच्या दातांनी हसतात. त्यातल्या बहुतेकांनी मामाला पाहिलेलंसुद्धा नाही. मी पुढे काउंटरवर बसते, वेळा देते, फोन घेते, आणि मामाला जे डॉक्टरीणबाईंपासून लपवायचं असतं ते लपवते.

लपवायचं म्हणजे घड्याळं.

हा नाद त्याला लागला बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका आजोबांमुळे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याची कवळी करणं म्हणजे डोक्याला ताप. जरा सैल झाली तर सुरांबरोबर दातही बाहेर. म्हणून ते आजोबा स्वतः मागच्या खोलीत येऊन बसायचे, आणि मामा दात घासून घासून बसवायचा. एकदा त्यांनी प्लास्टर लागू नये म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि तसेच बँडबरोबर दौऱ्यावर निघून गेले. दहा दिवस ते घड्याळ मामाच्या टेबलावर होतं. चावीचं घड्याळ, रोज चावी नाही दिली तर बंद पडणार. मामा रोज सकाळी आला की आधी हात धुवायचा, पुसायचा आणि त्याला चावी द्यायचा. आजोबा परतले, घड्याळ घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी मामा हात धुऊन, पुसून तसाच उभा राहिला.

"पोरी," तो मला म्हणाला, "आता या हातांचं काय करू?"

त्या महिन्यात त्याने तसलंच एक घड्याळ शोधून काढलं. मग दुसरं. मग त्याला कळायला लागलं की अमुक कंपनी बंद पडून चाळीस वर्षं झाली, तमुक घड्याळाच्या काट्यांना निळा रंग देताना ते भाजायचे, रंगवायचे नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्याला घड्याळावरून माणूस वाचता यायला लागला. दातांवरून तो तसाही वाचायचाच. कोण झोपेत दात खातो, कोण पाइप ओढतो, कोण बायकोवर चिडून जबडा आवळतो, हे त्याला साच्यावरून कळतं. घड्याळांचंही तसंच. "हे बघ," तो भिंग डोळ्याला लावून म्हणायचा, "डावी कड घासली आहे. हा गडी आयुष्यभर कुठल्यातरी काउंटरला टेकून उभा होता. पट्ट्याचं हे भोक मोठं झालंय आणि हे पुढचं नवं आहे. मध्येच कधीतरी बारीक झाला. आजारी पडला असेल नाहीतर लग्न झालं असेल." मागच्या झाकणावर काही कोरलेलं असलं तर विचारूच नका. एका झाकणावर नुसतं 'आता तरी वेळेवर ये' एवढंच कोरलेलं होतं. त्या घड्याळावर मामा तीन दिवस बोलत होता.

मामीचं म्हणणं वेगळं होतं. मामी बत्तीस वर्षं बेकरीत पहिल्या पाळीला होती. "या घरात एका वेळी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असते," ती म्हणायची, "आणि खरे किती वाजले ते विचारायला मला शेजारी जावं लागतं." कारण मामा सगळ्या घड्याळांना चावी द्यायचा, पण वेळ लावायचा नाही. प्रत्येक घड्याळ त्याच्याकडे आलं तेव्हा जी वेळ सांगत होतं, तिथूनच पुढे चालू. शेवटी मामीने हुकूम काढला. घरात चाळीस. एक्केचाळिसावं दिसलं की ते पिठाच्या डब्यात जाईल.

मामीच्या शब्दाला किंमत होती. म्हणून एक्केचाळिसावं दवाखान्यात आलं. कवळ्या द्यायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या असतात ना, तशा एका डबीत मामाने ते ठेवलं, वर चिठ्ठी लावली: 'वरचा जबडा, तातडीचं'. बेचाळिसावं 'खालचा जबडा'. असे सहा जबडे कपाटात झाले. मला हे माहीत होतं, आणि तरीही गोंधळ माझ्याच हातून झाला. एका दुपारी एका उंच, ताठ बाईंना मी कवळीची डबी दिली, त्यांनी ती न उघडता पिशवीत टाकली आणि लांब टांगा टाकत त्या गेल्या.

अर्ध्या तासाने दार इतक्या जोरात उघडलं की भिंतीवरचा जबड्याचा तक्ता हलला.

"मी दात शांगितले होते!" बाई म्हणाल्या. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, तोंडात एकही दात नाही. "हे टिकटिक करतंय! दात टिकटिक करत नाहीत, एवढं मला कळतं!"

या बाई एका शाळेत छत्तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आवाजाने मी खुर्चीतून उठून सरळ उभी राहिले, आणि डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीतल्या पेशंटने न सांगता तोंड बंद केलं. आपलं बेचाळिसावं बोलतंय हे कानावर पडताच मामा मागून धावत आला, हात कोपरापर्यंत पांढरे.

"माफ करा, बाई. डबी बदलली. ही घ्या तुमची," असं म्हणत त्याने खरी कवळी पुढे केली. बाईंनी ती घ्यायला बाही वर सरकवली आणि मामाचा हात हवेतच राहिला.

बाईंच्या मनगटावर एक साधं, पोलादी, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ होतं. तबकडीवर आकडे होते: सहा, सात, सात, नऊ.

"सोडा की," बाई म्हणाल्या. मामा कवळी सोडेना.

त्या दिवशी मामा जेवला नाही. डबा उघडा ठेवून मला समजावत बसला. "अगं, छापायची चूक! कारखान्यात कोणाचातरी डोळा लागला असणार. शंभर एक तबकड्या छापून झाल्या, मग कोणाच्या तरी लक्षात आलं, सगळ्या परत मागवल्या, फोडल्या. त्यातून एखाददुसरं निसटतं. आयुष्यभर शोधून मिळत नाही असलं काही, आणि ते आपल्या दारात येऊन आपल्यालाच ओरडलं!"

"मग विचार ना विकतात का."

"असं लगेच विचारायचं नसतं," मामा म्हणाला. मासेमारी शिकवल्यासारखा आवाज. "आधी ओळख वाढवायची."

ओळख वाढवायची अडचण एकच होती. कवळी उत्तम बसली होती. मामाची कवळी उत्तमच बसते. आता बाई दवाखान्यात कशाला येतील, या काळजीने तो दोन दिवस सुकला. तिसऱ्या दिवशी बाई हजर.

"टोचतंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून हिरडी तपासली. लाल ठिपका नाही, सूज नाही. "कुठे टोचतंय?"

"कधी इथे, कधी तिथे."

मामा कवळी घेऊन मागे गेला, तिच्याकडे पाच मिनिटं बघत बसला, फडक्याने पुसली आणि स्वतः घेऊन बाहेर आला. "आता बघा, बाई."

"वा, आता नाही टोचत."

"तुमचं घड्याळ फार छान आहे."

"माहीत आहे."

"विकायचा विचार?"

"नाही."

"माझ्याकडे शेहेचाळीस आहेत. बदल्यात हवं ते..."

"नाही."

"नुसतं झाकण उघडून बघू?"

"मी तुमचं तोंड उघडून बघितलंय का?" बाई म्हणाल्या आणि निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा टोचेल असं वाटतंय."

आणि टोचलं. चार आठवडे, दर बुधवारी, कधी इथे, कधी तिथे. चौथ्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "या बाईंना काहीही झालेलं नाही. तुझ्या मामालाही झालेलं नाही ना?" मी म्हटलं, त्याला झालंय, पण ते दातांचं नाही.

आता दवाखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे एक चष्मेवाला आहे. मामाचा वीस वर्षांचा मित्र आणि तेवढ्याच वर्षांचा वैरी, कारण तोही घड्याळं जमवतो. दोघं दर शनिवारी त्याच्या दुकानात भिंगं लावून बसतात आणि एकमेकांच्या घड्याळांची निंदा करतात. एखादं नवं घड्याळ कुठे आहे हे कळलं की दोघांनाही एकाच वेळी विसरायला होतं.

"काय रे," चष्मेवाल्याने एका शनिवारी सहज विचारलं, "तुझ्याकडे कोणी ड्रिलच्या बाई येतात का?"

"कोणत्या बाई?" मामा म्हणाला.

"निळ्या ट्रॅकसूटवाल्या. माझ्याकडे नंबर तपासायला आल्या होत्या."

"असतील. माझ्याकडे नुसते साचे येतात. का रे, काही विशेष?"

"छे! सहज."

"घड्याळबिड्याळ होतं का हातात?"

"लक्ष नाही गेलं," चष्मेवाला म्हणाला.

दोघांनी चहा संपवला. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर एकाच वेळी पोचले. मामाच्या हातात कवळी साफ करायची पावडर, चष्मेवाल्याच्या हातात चष्म्याची नवी डबी. एकमेकांना बघून दोघांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे झाले.

बाईंनी दार उघडलं. "दोघंही आलात? बरं झालं. चपला काढा आणि गच्चीवर चला."

गच्चीवर काय झालं ते मला मामाने कधीच नीट सांगितलं नाही, पण सोमवारी त्याला दोन्ही हात वर नेता येत नव्हते. ते मला चष्मेवाल्याकडून कळलं. बाईंनी दोघांना उंचीप्रमाणे उभं केलं, शिट्टी मारली आणि पाऊण तास कवायत करून घेतली. मामाचे गुडघे वाजत होते, चष्मेवाल्याचा चष्मा दोनदा पडला. शेवटी विश्राम म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सातला."

"पहिल्या सातला की दुसऱ्या?" चष्मेवाल्याच्या तोंडून निसटलं.

मामाने त्याच्याकडे बघितलं. "लक्ष नव्हतं ना गेलं?"

"तुझ्याकडे नुसते साचे येतात ना?"

"पहिल्या," बाई म्हणाल्या. "आणि रांगेत बोलायचं नाही."

असे सात-आठ रविवार गेले. दोघंही घड्याळासाठी जात होते, आणि दोघांनाही घड्याळाला हात लावायला मिळत नव्हता. बाई मात्र खुशीत होत्या. मामाने त्यांचा ढिला झालेला कडी-कोयंडा बसवून दिला, चष्मेवाल्याने रेडिओ दुरुस्त करून आणला. ज्याने जास्त काम केलं असेल त्याच्या शेजारी बसून बाई चहा घ्यायच्या, घड्याळाचा हात टेबलावर अगदी त्याच्या नाकासमोर ठेवून. मग दुसरा पुढच्या रविवारी कुंड्या रंगवायचा.

इकडे मामीच्या डोक्यात वेगळंच चालू झालं. तिचा नवरा रविवारी साडेसहाला दाढी करून, भांग पाडून, कॅनव्हासचे नवे बूट घालून बाहेर पडत होता आणि दोन तासांनी लंगडत, पण गुणगुणत घरी येत होता. घड्याळ विकत घ्यायला गेला म्हणावं तर घड्याळ येत नव्हतं. मामीने मला फोन केला.

"कोण आहे ती?"

"मामी, त्या शहात्तर वर्षांच्या आहेत."

"मी वय विचारलेलं नाही."

पुढच्या रविवारी मामी त्याच्या मागोमाग जिना चढून गच्चीवर गेली. समोर पाहते तर मामा एका पायावर उभा, दोन्ही हात पसरलेले, तोंड लालबुंद, आणि शेजारी चष्मेवाला त्याच अवस्थेत. बाईंनी मामीकडे नखशिखांत बघितलं. "उशीर झाला. शेवटी उभ्या राहा."

बत्तीस वर्षं पिठाच्या परातीत हात चालवलेली मामी. तिचे खांदे मजबूत, कंबर मजबूत, दम तर दोघांचा मिळून नव्हता तेवढा. अर्ध्या तासात बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून मामी एकही रविवार चुकली नाही. "घड्याळांमुळे पहिल्यांदा काही चांगलं झालं," असं ती मला म्हणाली. मामाला अर्थातच नाही.

मग एका रविवारी चहा घेताना बाई डोळे बारीक करून घड्याळाकडे बघत होत्या. एकदम त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ टेबलावर, दोघांच्या मधोमध ठेवलं.

"बघा जरा काय झालंय त्याला."

दोघांनी एकदम हात घातला, दोघांचे हात एकमेकांवर आपटले. चष्मेवाल्याने भिंग आधी काढलं म्हणून मान त्याचा. त्याने बघितलं, पुन्हा बघितलं, भिंग पुसून पुन्हा बघितलं.

"अरे," तो म्हणाला, "हे छापलेलं नाही. हा दुसरा सात रंगवलाय. ब्रशने. शेपटीचा टवका उडालाय आणि खालून गोल दिसतंय. खाली आठ आहे, नेहमीचा आठ!"

मामाने भिंग ओढून घेतलं. खरंच होतं. कारखान्यातल्या माणसाचा डोळा लागला नव्हता, तबकड्या परत मागवल्या नव्हत्या, काही निसटलं नव्हतं. दुकानात ढिगाने मिळायची तसलं घड्याळ आणि त्यावर कोणीतरी केलेला उद्योग.

"कोणी केलं हे?" मामाने विचारलं. घरात चोरी झाल्यासारखा चेहरा.

"आमच्या ह्यांनी," बाई म्हणाल्या. "पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या. लग्नाला महिना झाला होता. शाळा आठची, मी सव्वासातलाच बाहेर पडायचे, कारण मुलांच्या आधी मैदानावर पोचायचं हा माझा नियम. हे म्हणायचे, थोडं थांब, आपण दोघांनी एकदा तरी सावकाश चहा पिऊ. मी म्हणायचे, नियम म्हणजे नियम. एका सकाळी उठले, घड्याळ बघितलं, सातसुद्धा वाजलेले नव्हते. झोपेत काटा कुठे आहे ते कोण बघतं? आकडा बघतो आपण. अंधार कमी वाटला, पण म्हटलं असेल. हे म्हणाले, चहा ठेवलाय. आम्ही चहा प्यायलो. मग दुसरा प्यायलो. शाळेत पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते, आणि चारशे मुलं रांगेत उभी राहून माझी वाट बघत होती."

"मग?" मामीने विचारलं.

"मग काय! उशिरा येणाऱ्याला मैदानाला पाच फेऱ्या, असा नियम मीच केला होता. मारल्या. सगळ्यांच्या समोर. चारशे मुलं टाळ्या वाजवत होती." बाई हसायला लागल्या. मामाने केलेले सगळे दात दिसले. "घरी येऊन ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते सात पुसायला बसले, तेव्हा घड्याळ हातातून काढून घेतलं."

मामाने भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं," चष्मेवाला म्हणाला, "आम्ही कशासाठी येतो ते."

"हो तर. दातांना काय झालंय माझ्या? अक्रोड फोडते मी त्यांनी. पण पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्यांदा आला असतात का? या वयात मला दोन विद्यार्थी कुठून मिळायचे?"

चष्मेवाला व्यवहारी माणूस. तो सावरला. "बाई, एक सांगतो. थोडं द्रावण लावलं की हा रंग निघेल. खालची तबकडी जशीच्या तशी असणार. घड्याळ अगदी मूळ रूपात येईल."

बाई मामाकडे वळल्या. "तुम्ही दात रंगवता ना?"

"हो."

"सात रंगवाल?"

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. जुनी घड्याळं जमवणाऱ्यांच्या जगात चोरी माफ आहे, खोटं बोलणं तर रोजचं आहे, पण तबकडी पुन्हा रंगवणं हे पाप. मळलेली असो, पिवळी पडलेली असो, तिला हात लावायचा नाही. रंगवलेल्या तबकडीचं घड्याळ मामा हातात धरायचासुद्धा नाही, शेपटीला धरून मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांनी परत करायचा. आणि तो म्हणाला, "रंगवतो."

"तू शुद्धीवर आहेस का?" चष्मेवाला म्हणाला.

मामाने घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

त्या आठवड्यात मागच्या खोलीत दातांची कामं मागे पडली. मामाने प्लास्टरची एक गुळगुळीत पाटी केली आणि तिच्यावर सात काढायला बसला. पाट्या रंगवणाऱ्याचा हात वेगळा, दात रंगवणाऱ्याचा वेगळा. त्या माणसाच्या सातची वरची आडवी रेघ डावीकडे किंचित वर उचललेली होती, जशी भुवई उचलतो तशी. मामाची रेघ सरळ यायची. मंगळवारपर्यंत दोनशे वेळा सात काढून झाला. डॉक्टरीणबाई एका कवळीची चौकशी करायला आत आल्या आणि पाटीसमोर थबकल्या.

"हे कोणत्या पेशंटचं?"

"जरा अवघड केस आहे," मामा म्हणाला.

चष्मेवाला रोज रस्ता ओलांडून यायचा, दारात उभा राहायचा, मान हलवायचा आणि जायचा. गुरुवारी मामाने तीन केसांचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि उडालेली शेपटी भरली. भिंगातून बघितलं तर जुना रंग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते त्याला स्वतःलाच सापडेना. दवाखान्यात प्लास्टरची धूळ उडते, म्हणून वाळायला ते घरी नेलं आणि स्वयंपाकघरात काचेच्या वाडग्याखाली ठेवलं.

मामी त्या वाडग्यासमोर बराच वेळ उभी होती.

"पाट्या रंगवणारा माणूस," ती म्हणाली. "एका चहासाठी काय काय केलं त्याने. तुमच्याकडे चाळीस घड्याळं आहेत. माझ्यासाठी त्यातल्या एकाला तरी कधी हात लावलात?"

मामा म्हणाला, "मूळ तबकडीला हात लावायचा नसतो."

"मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय," मामी म्हणाली आणि आत गेली.

रविवारी बाईंनी घड्याळ मनगटावर चढवलं, हात लांब धरून बघितलं, जवळ आणून बघितलं. म्हणाल्या, "भुवई जमली आहे." मामाच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. घड्याळ अर्थातच त्यांच्याकडेच राहिलं. मागायचं मामाच्या मनातही आलं नाही.

पण मामीचा प्रश्न त्याच्या डोक्यात घुसला होता. मामाच्या चाळीस घड्याळांत एक बायकांचं आहे. लहान, साय धरल्यासारख्या रंगाची तबकडी, आकडे बारीक सोनेरी, साठ वर्षांत त्याला कोणी पाणीही लागू दिलेलं नाही. चष्मेवाला त्याच्यासाठी सात वर्षं मागे लागला होता. एका दुपारी मामाने ते दवाखान्यात आणलं, दातांच्या छटांची पट्टी काढली, तबकडीशी एकेक दात लावून बघितला, नेमकी छटा सापडली तेव्हा स्वतःशीच हसला, आणि दार आतून लावून घेतलं.

संध्याकाळी त्याने ते मामीच्या हातात दिलं. मी तिथेच होते. मामीने बघितलं. उलटं करून बघितलं. पुन्हा सुलटं केलं.

"याच्यातले पाच कुठे गेले?"

"काढले."

"का?"

"बत्तीस वर्षं पाचला उठतेस," मामा म्हणाला. "बेकरी सोडून वर्ष झालं, तरी पाचला उठतेस आणि भांडी आपटतेस. आता या घरात पाच वाजत नाहीत. झोप."

मामीने घड्याळ मनगटावर बांधलं. पट्टा लावताना तिला जरा वेळ लागला. मग म्हणाली, "आणि संध्याकाळचे पाच?"

"तेही गेले. त्याला काही करता आलं नाही."

चष्मेवाल्याला हे दोन दिवसांनी कळलं. तो स्टुलावर मटकन बसला, त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "खून केलास. मूळ तबकडी होती रे ती."

"आता ती एकच आहे," मामा म्हणाला. "शोध जा दुसरी."

मामी अजूनही पाचला उठते. सवयच ती. पण भांडी आपटत नाही, खिडकीशी बसून चहा पिते, आणि मामालाही उठवते, म्हणजे त्याचीही झोप गेली. घड्याळ ती रोज घालते, पीठ मळतानासुद्धा, आणि मामा ते बघून डोळे मिटून घेतो. परवा शेजारच्या काकू संध्याकाळी वेळ विचारायला आल्या होत्या. इतकी वर्षं मामी त्यांच्याकडे जायची, आता त्या येतात. मामीने ऐटीत मनगट वळवलं, बघितलं आणि म्हणाली,

"चार वाजून गेलेत. सहा व्हायचेत."